साडेसहा लिटर

डुलूथला जानेवारीत तेल पडत नाही,
डब्याच्या तोंडाशी येऊन विचार करत बसतं.
उणे अठरा, इथल्या मापात.
गॅरेजच्या दाराला आतून बर्फाची दाढी
आणि मी, शलाका खांबेटे, वय सत्तेचाळीस,
गाडीखाली पुठ्ठ्यावर उताणी.

गाडी आयनार हाल्वरसनची. होती.
चार दारं, चारशे घोडे,
आणि समोरच्या कप्प्यात एक वही,
जिच्यात बायकोचं नाव एकदाही नाही
पण प्रत्येक तेलबदलाची तारीख आहे.

सोमवार, बुधवार, शुक्रवार
तो येऊन सातव्या खुर्चीत बसतो.
चार तास त्याचं रक्त माझ्या मशीनमधून फिरतं,
मी त्यातलं जास्तीचं पाणी काढते
आणि तो मला तेल शिकवतो.

"पहिला आकडा थंडीचा. शून्य घे, पाच नको.
पहाटे गाडी सुरू करतानाचे पहिले दोन सेकंद,
इंजिन झिजतं ते तेव्हा. हायवेवर नाही.
दुसरा चाळीस. तीस स्वस्त पडेल.
दुकानातली लोरेन माकी तुला तीसच देईल,
भली बाई आहे, ऐकू नकोस तिचं."

"कूलंटच्या रंगावर भुलू नकोस,
रंग कंपनीच्या मर्जीचा असतो.
डबा उलटा कर, बारीक अक्षरं वाच.
मागच्या डिफरन्शियलचं तेल गंधकासारखं घाणतं,
घाणायलाच हवं.
आणि ब्रेकचं तेल पाणी पितं.
झाकण घट्ट असलं तरी हवेतलं पितं.
दोन वर्षांनी बदल, नाहीतर तळ्याकडच्या उतारावर
पाय दाबशील
आणि पायाखाली काहीच नसेल."
हे सांगताना तो बघत होता
स्वतःच्या सुजलेल्या घोट्यांकडे.

त्याला दिवसाला एक लिटर.
सूप धरून, कलिंगड धरून,
गोळ्यांबरोबरचा घोट धरून.
गाडीला साडेसहा.

आमच्यात नीट लक्ष ठेवायचं तर
डोळ्यांत तेल घालतात, मी म्हटलं.
"कुठल्या ग्रेडचं?" त्याने गंभीरपणे विचारलं.
माझ्या नावाचा अर्थ सळई, हेही एकदा सांगून बसले,
तेव्हापासून मी डिपस्टिक.
सगळ्या वॉर्डासमोर.

आता खरं सांगते.
ऑक्टोबरात मी तीस घातलं होतं.
सेल होता, लोरेन हसत होती,
डब्यामागे सहा डॉलर वाचत होते,
आणि वाटलं, गाडीला काय कळतंय.
गाडी काही बोलली नाही.
फक्त या आठवड्यात, सुरू होताना,
घसा साफ केल्यासारखा एक आवाज.
कदाचित थंडीचा. कदाचित माझ्याच कानातला.

म्हणून आज इंजिन जरा तापवून
खालचा नट सोडला. ते काळं, ऊन,
मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं,
आणि महिन्याभरात पहिल्यांदा
माझी बोटं कोणाच्या तरी हातात असल्यासारखी झाली.
तांब्याची नवी वॉशर. जुनी खिशात.
मग चाळीस, सहा डबे आणि अर्धा,
प्रत्येक डबा आधी किचनच्या हीटरवर ठेवून,
बाळाच्या बाटलीसारखा.

सोमवारी काडीवरचा एक थेंब
कागदी रुमालावर टिपून सातव्या खुर्चीशी नेला.
त्याने तो दिव्यासमोर धरला.
मधाच्या रंगाचा, कडेला कुठे काजळ नाही.
"ऑक्टोबरनंतर एकदम जानेवारी," तो म्हणाला.
"लवकर बदललंस."
मी मशीनवरचे आकडे तपासले. बरोबर होते.
पुन्हा तपासले.
"तीस होतं ना?"
पंप फिरत राहिला.

त्याने रुमालाची चौकोनी घडी केली,
शर्टाच्या खिशात ठेवली,
आणि म्हणाला, डिपस्टिक,
बर्फाचा एक खडा दे.
छोटा.
आणि तो मांडून ठेव.